यंत्राची स्मृति आणि तिची ओळख



घरांतील महत्त्वाचे कागद पूर्वी फडताळांत किंवा पत्र्याच्या पेटींत असत. आज त्यांतले पुष्कळसे संगणकाच्या हार्ड डिस्कमध्यें असतात. शेताच्या उताऱ्यांच्या प्रती, मुलांचीं गुणपत्रकें, लग्नांतलीं छायाचित्रें, वडिलांचा ध्वनिमुद्रित आवाज, दुकानाचा दहा वर्षांचा हिशेब, एवढें सगळें तळहातावर मावणाऱ्या धातूच्या एका डबींत सांठविलेलें असतें. ही डबी एखादे दिवशीं जोडावी आणि संगणकानें ती ओळखूंच नये, असा अनुभव आतां अनेक घरांत येऊं लागला आहे. कधीं पडद्यावर तिचें नांवच उमटत नाहीं. कधीं नांव उमटतें, पण आकार भलताच दिसतो. आणि कधीं नांव व आकार दोन्ही बरोबर असून संगणक सांगतो कीं, ही तबकडी कोरी आहे, वापरण्यापूर्वी तिची नव्यानें मांडणी, म्हणजे 'फॉरमॅट', करावी लागेल. या शेवटच्या सूचनेला घाईनें होकार देऊन कित्येकांनीं आपला संग्रह आपल्याच हातानें पुसून टाकला आहे.

आजच्या भाषणाचा विषय हा बिघाड आहे. परंतु मी येथें केवळ दुरुस्तीचें टिपण वाचून दाखविणार नाहीं. या बिघाडाला इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळेंच आपण ऐन वेळीं गोंधळतों. लिहिलेलें शाबूत असतांना वाचणाऱ्याला तें न कळणें, ही गोष्ट यंत्रांच्या बाबतींत दोनशें वर्षांहून जुनी आहे. आणि ती समजून घ्यावयाची तर सोलापूरच्या मागापासून आरंभ करणें सोयीचें.

सोलापुरांत कापडाची पहिली मोठी गिरणी १८७७ मध्यें सुरू झाली. लोक तिला 'जुनी गिरणी' म्हणत. गिरणी येण्याच्या आधींपासून गांवांत हातमाग होताच, व तेलंगणांतून येऊन येथें वसलेल्या पद्मशाली विणकरांनीं तो शहराच्या पूर्व भागांत घरोघर नेला. पुढें हातमागाची जागा बव्हंशीं यंत्रमागानें घेतली, सोलापुरी चादरीचें नांव देशभर झालें, आणि भौगोलिक मानांकनाची सरकारी नोंदहि तिला मिळाली. चादर अंगावर घेणारे लाखों आहेत. पण तिच्यावरचा मोर किंवा वेलबुट्टी मागाला पाठ कशी असते, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं.

ती त्याला जॅकार्डमुळें पाठ असते. फ्रान्समधील लियों शहरच्या जोसेफ मारी जाकार यानें १८०४ मध्यें हें साधन सिद्धीस नेलें. त्याच्या आधीं बूशों नांवाच्या कारागिरानें १७२५ मध्यें भोकें पाडलेल्या कागदाच्या पट्टीवर तसा प्रयत्न केला होता. पण जगभर पसरलें तें जाकारचें यंत्र, आणि नांवहि त्याचेंच राहिलें. हें यंत्र मागाच्या माथ्यावर बसतें. जाड कागदाचीं लांबट कार्डें दोऱ्यानें एकमेकांस जोडून त्यांची माळ केलेली असते. एका कार्डावर बाण्याच्या एका फेऱ्याची आज्ञा असते, म्हणजे धोटा एकदां आडवा जातांना ताण्याचे कोणते उभे धागे वर उचलावयाचे व कोणते खालीं ठेवावयाचे, एवढीच. कार्ड सुयांच्या रांगेवर दाबलें जातें. जेथें भोंक असेल तेथें सुई आरपार जाते; तिच्याशीं जोडलेला हूक आपल्या जागीं राहतो, वर जाणारी लोखंडी पट्टी त्याला उचलते, आणि त्याच्याबरोबर धागा वर येतो. जेथें भोंक नसेल तेथें सुई मागें ढकलली जाते, हूक पट्टीवरून सुटतो, व धागा खालींच राहतो. मोर असो कीं कमळ असो, सारें लेखन भोंक आहे किंवा नाहीं या दोनच चिन्हांचें. आजचा संगणकहि याच दोन चिन्हांत लिहितो. फरक इतकाच कीं, भोकाची जागा चुंबकत्वाच्या दिशेनें घेतली आहे.

आतां या मागावर नक्षी बिघडली म्हणजे काय करावें? येथें यंत्राची रचनाच आपणांस उत्तर देते, व तें उत्तर मला मोठें शहाणपणाचें वाटतें. कापडावर ताण्याच्या दिशेनें उभी रेघ पडून ती सबंध लांबीभर जात असेल, तर दोष कार्डांत असूं शकत नाहीं. कारण कार्डें एकामागून एक बदलत गेलीं तरी दोष त्याच धाग्याला चिकटून राहिला आहे. अर्थात् सुई वाकली असेल, तिची स्प्रिंग मऊ पडली असेल किंवा धागा उचलणारी दोरी तुटली असेल. उलट, दोष बाण्याच्या दिशेनें आडवा असेल, आणि नक्षीच्या दर आवर्तनांत त्याच जागीं परत येत असेल, तर एखादें कार्ड फाटलें आहे अथवा चुकीचें टोंचलें गेलें आहे. आणि सगळीच नक्षी एकदम विसकटली, तर बहुधा ना कार्डाचा दोष ना सुईचा. कार्डें फिरविणारा चौकोनी रूळ आपल्या ठिकाणाहून सरकला आहे, आणि त्यामुळें शाबूत कार्डावरील शाबूत भोकें सुयांच्या समोर येत नाहींत. पहिला व तिसरा दोष वाचणाऱ्याचा. दुसरा मात्र लेखाचा. जाणता कारागीर नक्षी बिघडली म्हणून कार्डांची सबंध माळ फाडून नवी टोंचावयास बसत नाहीं. तो आधीं रेघ उभी आहे कीं आडवी, तें पाहतो.

हार्ड डिस्कच्या बाबतींतहि पहिला प्रश्न हाच आहे. मात्र तेथें रेघ डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून आपण तो विचारावयास विसरतों.

मागावरून संगणकापर्यंतचा प्रवास थोडक्यांत सांगतों. १८३९ मध्यें लियों येथें खुद्द जाकारचें एक चित्र रेशमांत विणलें गेलें. त्याला सुमारें २४,००० कार्डें लागलीं. त्याची एक प्रत इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाच्या संग्रहीं होती, आणि त्यानें आपल्या नियोजित गणितयंत्रासाठीं अशींच कार्डें योजिलीं होतीं. तें यंत्र त्याच्या हयातींत पुरें झालें नाहीं. १८९० च्या अमेरिकन शिरगणतींत हर्मन हॉलेरिथ यानें टोंचलेलीं कार्डें विजेनें मोजलीं. त्याच्या धंद्यांतून जी कंपनी पुढें वाढली ती १९२४ पासून आयबीएम या नांवानें प्रसिद्ध झाली. याच आयबीएमनें १९५६ मध्यें पहिली हार्ड डिस्क बाजारांत आणली. तींत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन एका टनाहून अधिक होतें, आणि तींत पन्नास लक्ष अक्षरें मावत. आपल्या मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः बांधलेला संगणक १९६० मध्यें चालूं लागला व १९६२ मध्यें त्याला 'टिफ्रॅक' असें नांव मिळालें. त्याची मुख्य स्मृति चुंबकीय कड्यांची असून ती दोन हजारांहून थोड्या अधिक संख्यांची होती. घरगुती संगणकांत हार्ड डिस्क सर्रास दिसूं लागली ती १९८० नंतर. आयबीएमच्या १९८३ च्या नमुन्यांत दहा मेगाबाइटची डिस्क होती, व तेवढी जागा त्या वेळीं ऐसपैस वाटे.

या डबीच्या आंत काय असतें? आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात, आणि त्यांच्यावर वाचणारें टोंक तरंगत असतें. टोंक व तबकडी यांमधील अंतर केसाच्या जाडीहून हजारों पटींनीं कमी आहे. तबकडीवर वर्तुळाकार मार्ग असतात, व मार्गाचे लहान लहान खंड. एका खंडांत पूर्वी ५१२ बाइट असत. सुमारें २०१० पासून ४,०९६ बाइटचे खंड प्रचारांत आले. कोणतीहि माहिती परत मिळावयाची तर तिच्या खंडाचा पत्ता संगणक व डिस्क या दोघांनीं एकाच रीतीनें म्हणावयास हवा. हा पत्त्याचा करार जेथें मोडतो तेथें 'न ओळखण्या'चा बिघाड सुरू होतो; आणि गेल्या चाळीस वर्षांत तो करार एकदां नव्हे, अनेकदां मोडला आहे.

आरंभीं पत्ता तीन आंकड्यांचा असे: मार्ग कितवा, टोंक कितवें, खंड कितवा. डिस्कवर किती मार्ग आहेत व किती टोंकें आहेत, हें मालकानें स्वतःच्या हातानें संगणकास सांगावें लागे, आणि संगणक तें एका लहान घटाच्या आधारानें लक्षांत ठेवी. घट संपला कीं संगणक डिस्कचें वर्णन विसरे. डिस्क धडधाकट, तींतील मजकूर जसाच्या तसा, पण यजमान पाहुण्यास ओळखीत नाहीं! नाण्याएवढा तो घट आजहि मेजावरील संगणकांत असतो. डिस्क आपलें वर्णन आतां स्वतःच सांगते हें खरें. तरी घट संपल्यावर संगणकाच्या मूळ नेमणुका पुसल्या जातात, आणि डिस्कशीं बोलण्याची पद्धत बदलल्यामुळें ती दिसेनाशी होण्याचा संभव राहतो. खूण सोपी आहे. संगणकाचें घड्याळ व तारीख रोज सकाळीं मागें गेलेलीं आढळलीं, तर डिस्कवर संशय घेण्याआधीं घट बदलून पाहावा. त्याला फार थोडे रुपये पडतात.

पुढचा तंटा मोठा गंमतीचा आहे. संगणकाच्या मूळ आज्ञावलींत, जिला बायॉस म्हणतात तींत, मार्गाची संख्या लिहिण्यास जागा होती १,०२४ पर्यंत आणि टोंकांची २५६ पर्यंत. डिस्कच्या बाजूनें ठरलेल्या नमुन्यांत मार्गांना ६५,५३६ पर्यंत जागा होती, पण टोंकांना फक्त सोळा. दोन कचेऱ्यांनीं एकमेकींस न विचारतां आपापले छापील अर्ज काढावे, आणि अर्जदारानें दोहोंतील लहान चौकटींतच लिहावें, तसें झालें. मार्ग १,०२४, टोंकें १६, खंड ६३, आणि खंडाचे बाइट ५१२. गुणाकार केला तर ५२,८४,८२,३०४ बाइट होतात. याहून मोठी डिस्क १९९० नंतरच्या काळांत बाजारांत आली तेव्हां जुन्या संगणकांना तिचा तेवढाच भाग दिसे. विकत घेतलेली जागा गेली कोठें, म्हणून लोक दुकानदाराशीं भांडत. ती जागा डिस्कवरच होती. फक्त तिचा पत्ता लिहिण्यास अर्जांत चौकट नव्हती.

मग तीन आंकड्यांचा पत्ता सोडून सर्व खंडांना एकापुढें एक क्रमांक देण्याची पद्धति रूढ झाली. त्या क्रमांकाला अठ्ठावीस द्विमान स्थानें दिलीं होतीं, आणि ती मर्यादा सुमारें १३७ गीगाबाइटवर संपली. ही मर्यादा केवळ गैरसोयीची नव्हती, ती घातक होती. २००१ मध्यें निघालेल्या विंडोज एक्सपीच्या पहिल्या आवृत्तीला याहून मोठे क्रमांक समजत नसत. ती समज २००२ च्या सुधारणेनें आली. ज्या यंत्रणेला मोठा क्रमांक समजत नाहीं, ती १३७ गीगाबाइटच्या पुढें लिहूं गेली तर क्रमांक पुन्हां शून्यापासून सुरू होऊन नवा मजकूर डिस्कच्या आरंभींच्या मजकुरावर पडण्याचें भय असे. मोटारीच्या अंतरमापकाचे सारे नऊ उलटून शून्यें आलीं म्हणून गाडी घरीं परतत नाहीं; येथें मात्र ती खरोखरच घरीं येई, आणि घर पाडी.

तिसरी मर्यादा आजहि भेटते. बत्तीस स्थानांच्या क्रमांकानें २.२ टेराबाइटपर्यंतचे पत्ते लिहितां येतात. तीन टेराबाइटची डिस्क एखाद्या जुन्या यूएसबी पेटींत घातली म्हणजे संगणक कित्येकदां तिचा आकार ७४६ गीगाबाइट सांगतो. ही संख्या ऐकून डिस्क बनावट आहे असें पुष्कळांस वाटतें. वजाबाकी करून पाहावी: तीन टेराबाइटमधून २.२ वजा केले कीं जें उरतें तें संगणकाच्या मोजणींत बरोबर ७४६ होतें. अंतरमापक एकदां उलटून पुन्हां तेथवर आला आहे. अशी डिस्क नव्या पेटींत घालावी, व त्याआधीं तिच्यावर कांहीं लिहूं नये.

मोजणीचा विषय निघाला आहे म्हणून सांगतों. पांचशें गीगाबाइटची डिस्क संगणकावर ४६५ गीगाबाइट दिसते, त्यांत कोणाची लबाडी नाहीं. कारखानदार हजाराच्या पटींत मोजतो. विंडोज १,०२४ च्या पटींत मोजतें. शेर व किलो यांचा हिशेब आपल्या आजोबांनीं केला, तितकाच हाहि सोपा आहे. मात्र आकार निमपट किंवा पावपट दिसला तर ती मोजणीची बाब नव्हे. जुन्या डिस्कच्या मागच्या बाजूस दोन दांड्यांवर बसविण्याचें एक बारीक टोपण असे. कांहीं संगणक मोठ्या डिस्कपुढें गोठून जात, म्हणून हें टोपण एका ठराविक जागीं बसवून डिस्कला मुद्दाम ३२ गीगाबाइटचें सोंग घ्यावयास लावीत. पुढें संगणक बदले, डिस्क नव्या घरीं जाई, पण टोपण तसेंच राही. वर्षानुवर्षें बत्तीसांतच नांदलेल्या अशा डिस्का जुन्या संगणकांच्या दुकानांत अजूनहि निघतात.

कधीं करार डिस्कच्या आंतच मोडतो. हार्ड डिस्क स्वतः एक लहानसा संगणक आहे. तिची स्वतःची आज्ञावली असते, व तिचा कांहीं भाग तबकडीवरच एका राखीव जागीं लिहिलेला असतो. ती जागा वाचतां आली नाहीं तर डिस्क आपलें खरें नांव न सांगतां कारखान्यांतलें नांव सांगते, किंवा आपला आकार शून्य म्हणून सांगते. सीगेट कंपनीच्या बाराकुडा ७२००.११ या जातीच्या बऱ्याच डिस्का २००८ च्या शेवटीं अशा रीतीनें एकाएकीं मुक्या झाल्या. रात्रीं नीट चाललेली डिस्क सकाळीं संगणक सुरू करतांना दिसत नसे, अथवा शून्य आकाराची दिसे. डिस्क आपल्या आंतल्या नोंदवहींत जे आंकडे लिहीत असे, ते एका विशिष्ट मुक्कामावर असतांना वीज बंद होऊन पुन्हां आली तर आज्ञावली अडकून बसे. जानेवारी २००९ मध्यें कंपनीनें हा दोष मान्य करून सुधारलेली आज्ञावली दिली, आणि ज्यांचा मजकूर अडकला होता त्यांना तो फुकट काढून देण्याची तयारी दाखविली. त्या डिस्कांवरील अक्षर न् अक्षर शाबूत होतें. पण मधल्या काळांत किती लोकांनीं त्या मेल्या समजून फेंकून दिल्या असतील, याची कल्पना केली म्हणजे मन खिन्न होतें.

आतां त्या तिसऱ्या प्रकाराकडे येऊं, जेथें नांव बरोबर, आकार बरोबर, पण संगणक 'कोरी आहे' म्हणतो. पुण्याच्या पेशवे दप्तरांतले कागद कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. समजा, रुमालावरची चिठ्ठी गळून पडली. तेवढ्यानें आंतले कागद नाहीसे होत नाहींत. फक्त कोणत्या रुमालांत काय आहे तें वरून कळेनासें होतें. डिस्कच्या आरंभीं अशीच एक चिठ्ठी असते. डिस्कचे किती विभाग आहेत व प्रत्येक कोठें सुरू होतो, हें तींत लिहिलेलें असतें. ती बिघडली कीं संगणकाला सारी डिस्क रिकामी वाटते. यूएसबी पेटींतून काढलेली डिस्क सरळ संगणकांत बसविली तरी कित्येकदां हेंच घडतें. कारण पेटी ५१२ बाइटचे खंड ४,०९६ चे करून दाखवीत असते, आणि दुभाष्या गेल्यावर चिठ्ठींतले आंकडे चुकीच्या जागा दाखवूं लागतात. डिस्क पुन्हां त्याच पेटींत घातली कीं सारें जागच्या जागीं!

आणि चिठ्ठी शाबूत असली तरी लिपीचा प्रश्न उरतोच. मॅक किंवा लिनक्स संगणकावर मांडलेली डिस्क विंडोजला वाचतां येत नाहीं, व विंडोज तिला मांडणीवांचूनची समजतें. ज्याला केवळ बाळबोध वाचतां येतें त्यानें मोडी कागद हातांत येतांच 'हा कोरा आहे, यावर लिहूं' असें म्हणावें, तसाच हा प्रकार. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० पासून पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून काढले, ते कागद मोडी वाचणारे मिळाले म्हणून. कोणी ते दप्तर जागा अडवितें म्हणून रद्दींत घातलें असतें तर काय झालें असतें, तें सांगावयास नको. 'फॉरमॅट करूं का?' हा संगणकाचा प्रश्न वास्तविक 'मला हें वाचतां येत नाहीं' एवढ्याच अर्थाचा असतो. तो होकाराची अपेक्षा करतो म्हणून होकार दिलाच पाहिजे असें नाहीं.

मग करावें काय? मागावरचा नियम येथें लावावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि दोष कोणाबरोबर जातो तें पाहावें. डिस्क तीच ठेवून तार बदलावी. मग जोडणीची जागा बदलावी. लहान डिस्कला सुरू होतांना जी वीज लागते ती लांब तारेंतून किंवा संगणकाच्या पुढच्या बाजूच्या जोडणींतून पुरेशी मिळत नाहीं, व डिस्क उठते-बसते असें करीत राहते. मोठ्या डिस्कला स्वतंत्र वीज लागते; तिचा पुरवठा करणारी पेटी खराब असेल तर डिस्क निर्दोष असूनहि गप्प राहते. त्यानंतर तीच डिस्क दुसऱ्या संगणकास जोडावी. तेथें ती ओळखली गेली तर दोष पहिल्या संगणकाचा. तेथेंहि तोच प्रकार झाला तर दोष डिस्कबरोबर चालत आला आहे, हें निश्चित. नवी कोरी डिस्क प्रथम जोडल्यावर दिसत नाहीं हा दोष नव्हेच. तिची पहिली मांडणी व्हावयाची असते एवढेंच, आणि तेथें होकार देण्यास हरकत नाहीं.

डिस्कला चिठ्ठीचा रोग आहे असें ठरलें तर आधीं तिची खंडागणिक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी, आणि जो कांहीं उपचार करावयाचा तो प्रतीवर करावा. हरवलेली चिठ्ठी शोधून पुन्हां लिहिणारीं टेस्टडिस्कसारखीं साधनें विनामूल्य मिळतात. खराब खंड वगळून प्रत काढणारें डीडीरेस्क्यू हें साधनहि तसेंच आहे. तें सोपे भाग आधीं उतरवून घेतें व अडलेले मागाहून हातीं घेतें. परीक्षेच्या पेपरांत हुशार विद्यार्थी हेंच करतो.

परंतु डिस्कमधून ठराविक अंतरानें टिक्-टिक् असा आवाज येत असेल, किंवा कांहीं खरवडल्यासारखें ऐकूं येत असेल, तर येथवर सांगितलेलें सारें बाजूस ठेवून वीज तत्काळ बंद करावी. तेथें वाचणारें टोंकच जायबंदी झालेलें असतें, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर तें लेख खरवडीत जाण्याचा धोका असतो. मागाच्या भाषेंत सांगावयाचें तर वांकलेली सुई आतां कार्डेंच फाडूं लागली आहे. मजकूर मोलाचा असेल तर अशी डिस्क धूळरहित खोलींत उघडणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यावी. ती घरीं स्क्रू काढून पाहूं नये, आणि शीतकपाटांत रात्रभर ठेवण्याचा जो उपाय लोक एकमेकांस सांगतात तो तर मुळींच करूं नये. थंड तबकडीवर बाहेरच्या हवेंतलें दंव धरतें, व उरलीसुरली आशाहि संपते. फिरत्या तबकड्यांच्या ऐवजीं स्थिर स्मृतीच्या ज्या नव्या डिस्का आल्या आहेत, त्यांचा आवाज होत नाहीं. त्या जातात तेव्हां बहुधा न सांगतांच जातात. त्यांच्या बाबतींत दुसरी प्रत आधींच काढून ठेवण्यास पर्याय नाहीं.

सोलापूरकरांसाठीं दोन गोष्टी अधिक. चैत्र-वैशाखांत येथील पारा चाळिसांच्या वर जातो, आणि मागाच्या आसपासच्या घरांत कापसाचें तूस हवेंत असतें. तें संगणकाच्या पंख्यांत व जाळींत बसलें कीं आंतली उष्णता बाहेर पडत नाहीं. जाळी महिन्यांतून एकदां झाडून घ्यावी. हार्ड डिस्कच्या पाठीवर हवेसाठीं एक बारीक छिद्र ठेवलेलें असतें, त्यावर चिठ्ठी किंवा चिकटपट्टी लावूं नये. आणि चालत्या मागाची थरथर ज्या मेजाला पोंचते त्या मेजावर फिरती डिस्क ठेवूं नये. केसाच्या हजारांश अंतरावर तरंगणाऱ्या टोंकाला ती थरथर सोसत नाहीं.

मागहि आतां बदलूं लागला आहे. कागदी कार्डांवांचून चालणारें विजेचें जॅकार्ड १९८३ मध्यें इटलींतील मिलान येथील यंत्रप्रदर्शनांत बोनास या इंग्रज कंपनीनें मांडलें. सोलापुरांतहि कांहीं कारखान्यांत तीं यंत्रें आलीं आहेत. तेथें हजारों कार्डांची माळ छताखालीं लोंबत नाहीं. मोराची सबंध नक्षी बोटाएवढ्या स्मृतिपट्टींतून मागाला दिली जाते. ती पट्टी मागानें ओळखली नाहीं तर माग थांबतो. कार्ड डोळ्यांनीं पाहतां येई, भोंक बोटानें चांचपतां येई, फाटलेल्या कार्डाच्या जागीं नवें टोंचतां येई. पट्टींत पाहावयास कांहींच नाहीं. तेव्हां अशा कारखान्यांनीं नक्षीच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागीं ठेवाव्या, आणि ज्या जुन्या नक्षींचीं कार्डें अजून माळ्यावर बांधून पडलीं आहेत, तीं त्यांचीं छायाचित्रें निघेपर्यंत तरी रद्दींत घालूं नयेत. त्या कार्डांना वाचावयास वीज लागत नाहीं, घट लागत नाहीं, आणि कोणतीहि कंपनी बंद पडली तरी त्यांतलीं भोकें उजेडासमोर धरून मोजतां येतात.